नियमांचे मौन आणि नवा डाव : मेजावरील भूमिकाखेळांतील एका वाक्कृतीचा इतिहास

१

भाषाव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी सोस्यूरने बुद्धिबळाचा दृष्टान्त योजला. तेव्हापासून संरचनावादी विचारात 'खेळ' हा शब्द आला की पट, सोंगट्या आणि त्यांच्या ठरलेल्या चाली हेच चित्र गृहीत धरले जाते. या चित्रात सर्जनाला जागा नाही असे नाही, पण ती जागा मोहऱ्यांच्या मांडणीपुरती आणि चालींच्या क्रमापुरती आहे. घोडा अडीच घरे चालतो. त्याने आज एखादी नवीच चाल शोधून काढली तर तो डाव न राहता नियमभंग ठरेल. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या विटगेन्स्टाइनच्या ग्रंथात मात्र खेळाविषयी एक वेगळी शक्यता सुचविलेली आहे. खेळता खेळता नियम घडवीत किंवा बदलीत जाणे यालाही आपण खेळणेच म्हणतो, याकडे त्याने लक्ष वेधले. या शक्यतेचा जवळजवळ प्रयोगशाळेत घडावा तसा विस्तार ज्या खेळप्रकारात झाला, त्यातील एका घटकाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

हा खेळप्रकार म्हणजे मेजाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ. त्याचे छापील रूप १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने अवतरले. त्याची रीत थोडक्यात अशी : चार-सहा माणसे एकत्र बसतात. प्रत्येक जण एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो. त्यांतील एक जण मात्र पंच असतो. तो परिस्थितीचे वर्णन करतो, इतरांनी भेटलेल्या पात्रांची बाजू सांभाळतो आणि शंकेच्या प्रसंगी निर्णय देतो. खेळाडू आपले पात्र काय करते ते वाक्यात सांगतो, त्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तर फासे टाकले जातात, आणि जे ठरते ते सर्वांच्या समाईक कथेत जमा होते. पट असला तरी चालतो, नसला तरी अडत नाही. खेळ वस्तुतः वाक्यांत चालतो.

आता या खेळातील लढाईचा प्रसंग घ्या. 'मी तलवारीने वार करतो' हे वाक्य नियमपुस्तकाला ठाऊक असते. त्यासाठी कोणता फासा टाकावा, किती आकडा पडावा, हे सर्व तेथे लिहिलेले असते. पण एखादा खेळाडू म्हणतो, 'मी मूठभर वाळू उचलून त्याच्या डोळ्यांत फेकतो आणि तो डोळे चोळत असताना त्याच्या पायाखालची सतरंजी ओढतो.' पुस्तकात वाळू नाही, सतरंजी नाही. तरीही वाक्य अर्थपूर्ण आहे, प्रसंगाला धरून आहे, आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर ते तत्काळ उभे राहते. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही वाक्कृती आहे. उच्चार होताच ती काही करू पाहते. मात्र तिच्या साफल्याच्या अटी आधी ठरलेल्या नाहीत. त्या तिथल्या तिथे ठरवाव्या लागतात.

अशा वाक्याला मी 'नवा डाव' म्हणतो. मराठीतला 'डाव' हा शब्द येथे सोयीचा आहे, कारण खेळातील पाळी आणि कुस्तीतील पेच हे दोन्ही अर्थ तो एकाच वेळी बाळगतो. माझे प्रतिपादन असे : नवा डाव नियमांच्या मौनात जन्मतो, आणि भूमिकाखेळांचा पन्नास वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या मौनाचे काय करावे याविषयीच्या वादाचा इतिहास आहे. यादी, किंमत, बक्षीस आणि आकृतिबंध असे चार उपाय या वादात पुढे आले. प्रत्येक उपायाने नव्या डावाचे रक्षण करण्याचा दावा केला, आणि प्रत्येकाने त्याचे रूप बदलून टाकले.

२

या वादाची पूर्वपीठिका प्रशियाच्या लष्करात सापडते. १८२४ साली फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेचा विकास करून 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धखेळाची संहिता प्रसिद्ध केली. तिच्यात खेळाडू स्वतः तुकड्या हलवीत नसत. ते पंचाकडे आज्ञा देत. पंच त्या आज्ञांचा अर्थ लावून नकाशावर तुकड्या हलवी आणि फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने हानी ठरवी. आज्ञा आणि तिची अंमलबजावणी यांच्यामध्ये येथे प्रथमच एक अर्थनिर्णायक मनुष्य उभा राहिला. बुद्धिबळात अशा मध्यस्थाची गरज नसते, कारण तेथे चाल करणे आणि चाल घडणे यांत अंतर नाही.

पण हा मध्यस्थ कोष्टकांनी बांधलेला होता. शतकाच्या उत्तरार्धात ही बंधने जाचू लागली. १८७३ मध्ये याकोब मेकेल याने नियमांच्या बोज्यावर टीका केली, आणि १८७६ मध्ये फॉन व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा याने आणखी पुढे जाऊन फासे व कोष्टके दूर सारण्याचा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालविण्याचा पुरस्कार केला. पहिल्या पद्धतीला 'बद्ध' आणि दुसरीला 'मुक्त' युद्धखेळ म्हणण्याचा प्रघात पडला. या वादात दोन्ही बाजूंकडे तथ्य होते. कोष्टक सर्वांना समान वागविते, पण अनपेक्षित आज्ञेपुढे ते मुके होते. अनुभवी पंच अनपेक्षिताला उत्तर देऊ शकतो, पण त्याचा निर्णय न्याय्य आहे याची हमी त्याच्या अधिकाराखेरीज दुसऱ्या कशात नसते. लष्करात हा अधिकार हुद्द्याने मिळत असे. पुढे हाच खेळ मित्रमंडळींच्या मेजावर आला तेव्हा हुद्दा गळून पडला आणि अधिकाराचा प्रश्न उघडा पडला.

लष्कर आणि मित्रमंडळी यांच्यामधला दुवा म्हणजे अमेरिकन सेनाधिकारी चार्ल्स टॉटन याचे 'स्ट्रॅटेगॉस' हे १८८० सालचे पुस्तक. सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटातील डेव्हिड वेझली या युद्धखेळप्रेमी तरुणाच्या ते हाती लागले. खेळाडूने कोणतीही कृती करून पाहावी आणि तिचे काय होते ते पंचाने ठरवावे, हे तत्त्व त्याने त्यातून उचलले.

३

१९६९ साली वेझली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावावर दोन सैन्ये चालून येणार होती. सेनापतींच्या जोडीला गावातील इतर व्यक्तींच्या भूमिकाही त्यांनी खेळाडूंना वाटून दिल्या. सैन्ये भिडण्याआधीच एक विलक्षण गोष्ट घडली. दोन खेळाडू त्यांच्याकडे आले आणि आपण एकमेकांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आहे असे म्हणाले. द्वंद्वयुद्धाचे नियम त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे नियम बनविला, फासे टाकले आणि निकाल दिला. वेझली यांच्या स्वतःच्या कथनानुसार त्या दिवशीचा गोंधळ पाहून त्यांना आपला प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता.

वेझली आणि त्यांचे खेळाडू यांच्या या मतभेदात पुढील सगळा इतिहास बीजरूपाने आहे. रचनाकाराला जे नियमांचे अपयश वाटले, तेच खेळाडूंना खेळाचे मर्म वाटले. द्वंद्वयुद्ध हा या परंपरेतील नोंद झालेला पहिला नवा डाव मानण्यास हरकत नाही. कारण तेथे खेळाडूंनी आपल्या भूमिकेच्या आतून, तिला साजेशी, पण रचनाकाराने न कल्पिलेली कृती वाक्यातून घडविली. त्या वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी लवकरच 'ब्लॅकमूर' ही आपली कल्पित भूमी सुरू केली. तिकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली १९७१ मध्ये निघाली. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून १९७४ च्या तीन पुस्तिका तयार झाल्या.

या पुस्तिकांतील लढाईचे नियम पाहिले तर त्यांचा तुटपुंजेपणा नजरेत भरतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा. समोरचा चिलखताविना असेल तर नवख्या योद्ध्याला दहा किंवा अधिक आकडा पुरे. त्याच्या अंगावर पत्र्याचे चिलखत आणि हातात ढाल असेल तर सतरा हवेत. लागलेल्या वाराची इजा साध्या सहा बाजूंच्या फाशाने ठरते. वार कसा केला, कोठे बसला, हे संहिता सांगत नाही. वाळू, सतरंजी, पलटलेले मेज, विझविलेली मशाल यांविषयी ती गप्प आहे. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस गायगॅक्स यांनी तर, तुमच्या वतीने कल्पना करण्याचे काम आम्ही का करावे, अशा आशयाचा प्रश्न वाचकांना विचारला आहे.

इंगार्डनने साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या स्थानांची चर्चा केली, आणि इझरने तोच धागा पकडून ही रिक्त स्थाने भरणे म्हणजे वाचनव्यापार असे प्रतिपादन केले. १९७४ ची संहिता या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कादंबरीतील रिक्त स्थान वाचक मनातल्या मनात भरतो, आणि दोन वाचकांनी ते दोन प्रकारे भरले तरी कादंबरीला इजा होत नाही. भूमिकाखेळात रिक्त स्थान मोठ्याने, सर्वांसमक्ष आणि सर्वांवर बंधनकारक होईल अशा रीतीने भरावे लागते. वाळू डोळ्यांत गेली की नाही याविषयी मेजावर दोन मते राहू शकत नाहीत. म्हणून येथे अर्थनिर्णयन ही खाजगी बाब न राहता न्यायनिवाड्याचे रूप घेते.

४

मौन फार काळ टिकले नाही. ते भरून काढण्याचा पहिला उपाय म्हणजे यादी.

१९७५ मध्ये निघालेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा पात्रवर्ग आला. कुलूप उघडणे, निःशब्द चालणे, सावलीत लपणे, भिंत चढणे या कृतींची शक्यता त्याच्यासाठी आकड्यांत बांधून देण्यात आली. याचा परिणाम कोणाच्या मनात नसेल असा झाला. तोपर्यंत कोणताही खेळाडू 'मी दबकत पुढे जातो' असे म्हणू शकत होता, आणि पंच प्रसंग पाहून निर्णय देत होता. चोराच्या नावे ही कृती लिहिली गेल्यावर इतरांनी ती करावी की नाही असा प्रश्न उभा राहिला. एका पात्राला दिलेला अधिकार हा इतरांवर न लिहिलेला निर्बंध ठरला. कोणत्याही व्यवस्थेत एका पदाचे मूल्य इतर पदांशी असलेल्या भेदाने ठरते, या सोस्यूरीय सिद्धान्ताचा याहून सरळ दाखला शोधूनही मिळणार नाही.

१९७९ च्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीतील पंचासाठीच्या ग्रंथात यादीच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात. तेथे ठोसेबाजी, पकड आणि अंगावर झेपावून खाली पाडणे या तीन निःशस्त्र कृतींसाठी स्वतंत्र कोष्टके दिली आहेत. ती इतकी किचकट आहेत की पुढे ती चेष्टेचा विषय झाली. विशेष म्हणजे याच ग्रंथात तलवारीच्या लढाईविषयी अगदी उलट भूमिका घेतलेली आहे. लढाईची एक फेरी एका मिनिटाची, आणि फाशाची एक फेक म्हणजे त्या मिनिटातील अनेक हुलकावण्यांचा आणि वारांचा सारांश असे तेथे मानले आहे. म्हणजे शस्त्राच्या बाबतीत अमूर्तीकरण आणि हातघाईच्या बाबतीत अतितपशील, असा हा विसंवाद आहे.

तपशिलाची बाजू सुसंगतपणे लावून धरली ती 'रुनक्वेस्ट' या १९७८ च्या खेळाने. त्याचे एक रचनाकार स्टीव्ह पेरिन हे १९६६ मध्ये बर्कली येथे सुरू झालेल्या आणि मध्ययुगीन लढाया प्रत्यक्ष अंगाने खेळणाऱ्या मंडळीच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होते. तलवार हातात घेतलेल्या माणसाचे ज्ञान त्यांनी संहितेत आणले. तेथे प्रत्येक वार स्वतंत्र, प्रत्येक वाराला प्रतिवार, आणि इजा कोणत्या अवयवाला झाली याचीही नोंद. डाव सांगणाऱ्या वाक्याला यामुळे शरीर मिळाले. पण जे शरीर मिळाले त्याची अंगे संहितेने आधीच मोजून ठेवली होती.

यादीचा उपाय मुळातच चुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पतंजलीने व्याकरणाचा प्रयोगाशी असलेला संबंध सांगताना कुंभाराचा दृष्टान्त दिला आहे. घट हवा असणारा मनुष्य कुंभाराकडे जाऊन तो करवून घेतो, पण शब्द हवा असणारा मनुष्य वैयाकरणाच्या घरी जात नाही. प्रयोग आधी, लक्षण नंतर. नियमपुस्तकांतील याद्याही अशाच घडल्या. कोणीतरी कधीतरी वाळू फेकली, ते सर्वांना आवडले, पुन्हा फेकली, तेव्हा 'दर वेळी किती आकडा?' असा प्रश्न आला आणि उत्तर लिहून ठेवले गेले. अडचण लक्षण लिहिण्यात नव्हती. लक्षणग्रंथ विकत घेणाऱ्या पुढच्या पिढीने त्यालाच प्रयोगाची सीमा मानले, ही खरी अडचण होती.

येथे अलंकारशास्त्रातील लक्षणेचा विचार उपयोगी पडतो. मम्मटाने लक्षणेच्या मुळाशी रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असते असे मानले. नवा डाव प्रथम मांडला जातो तेव्हा तो प्रयोजनवती लक्षणेसारखा असतो. सतरंजी ही बसण्याची वस्तू, पण तिला शस्त्र मानल्याने काही विशेष साधते, आणि ते साधताना ऐकणाऱ्याला एक चमत्कार जाणवतो. तोच डाव दहाव्यांदा मांडला की तो रूढ होतो. आपल्या कुस्तीतील 'धोबीपछाड' घ्या. प्रतिस्पर्ध्याला धुण्यासारखा आपटणे ही केव्हातरी कोणाला तरी सुचलेली प्रतिमा असली पाहिजे. आज ते आखाड्यातील एका डावाचे नाव आहे, आणि राजकारणाच्या बातम्यांतून तर तो निव्वळ पराभवाचा पर्याय झाला आहे. नियमपुस्तकातील डावांची यादी हा अशा रूढ झालेल्या लक्षणांचा कोश असतो. कोश हवाच, पण कोशातून कविता होत नाही.

५

दुसरा उपाय किंमतीचा. २००० साली निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्र हिसकावणे, पाय अडकवून पाडणे, ढकलणे, पकडणे, शस्त्र मोडणे असे डाव सर्वांसाठी खुले करण्यात आले, आणि प्रत्येकाची रीत बांधून देण्यात आली. तत्त्वतः ही लोकशाही होती. व्यवहारात मात्र शस्त्र हिसकावू पाहणाऱ्या योद्ध्यावर प्रतिस्पर्ध्याने आधी एक फुकटचा वार करावा, मग दोघांनी फासे टाकावेत, आणि हिसकावणारा हरला तर त्याचेच शस्त्र जाण्याची वेळ यावी, अशी तरतूद होती. विशिष्ट नैपुण्य निवडलेल्या पात्राला यातून सूट मिळे. त्यामुळे ज्याने नैपुण्य घेतले तो तोच डाव पुन्हा पुन्हा करू लागला, आणि इतरांनी तो करणे सोडून दिले.

किंमतीचा हा प्रश्न पुस्तकापुरता मर्यादित नाही. कोणतेही पुस्तक न मानणारा पंचही नकळत तीच चूक करू शकतो. समजा, साधा वार यशस्वी होण्याची शक्यता शंभरात साठ आहे. खेळाडू म्हणतो, 'मी मेजावर चढून झुंबराला लोंबकळतो आणि झोका घेऊन त्याच्या छातीवर लाथ मारतो.' पंच प्रामाणिकपणे विचार करतो : चढण्यासाठी एक फेक, झुंबर पकडण्यासाठी दुसरी, लाथेसाठी तिसरी, आणि प्रत्येक वेळी तीच शंभरात साठ शक्यता. तिन्ही जमण्याची शक्यता आता शंभरात बाविसाच्याही किंचित खाली येते. पंचाने कोणालाही नकार दिलेला नाही, प्रत्येक पायरीवर तो न्याय्यच वागला आहे. तरीही साध्या वाराच्या जवळजवळ दुप्पट अपयश त्याने कल्पक वाक्याच्या वाट्याला दिले आहे. दोन-तीनदा तोंडघशी पडल्यावर तो खेळाडू 'मी वार करतो' एवढेच म्हणू लागतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वाक्य जितके तपशीलवार, तितकी त्यात अपयशाची ठिकाणे अधिक, असे मानणारी वाचनपद्धती वर्णनाला शिक्षा करते. ती वर्णनाला दाव्यांची साखळी समजते आणि प्रत्येक कडीचा पुरावा मागते. कथा अशी वाचली जात नाही. कथेत तपशील हे विश्वासार्हतेचे साधन असते. म्हणजे एकाच वाक्याचे दोन परस्परविरोधी वाचनसंकेत या मेजावर समोरासमोर येतात, आणि कोणता संकेत लावावा हे फासा पडण्याआधी ठरवावे लागते.

६

तिसरा उपाय बक्षिसाचा. तो किंमतीच्या उलट टोकाला आहे. रॉबिन लॉज यांच्या 'फेंग शुई' या १९९६ च्या खेळाचा आदर्श हाँगकाँगचा मारधाडीचा चित्रपट होता. त्या चित्रपटांत शिडी, खुर्ची, चहाची किटली असे काहीही हाती लागेल ते शस्त्र होते. लॉज यांनी नकाशावरच संशय व्यक्त केला. आखलेला नकाशा खोलीत काय आहे हे आधीच ठरवून टाकतो. तो नसला की स्वयंपाकघरात कढई असणारच असे खेळाडू गृहीत धरू शकतो, आणि ती उचलू शकतो. संहितेतील रिक्त स्थान येथे हेतुपुरस्सर राखून ठेवलेले आहे.

२००१ मध्ये आलेल्या 'एग्झॉल्टेड'ने वर्णनाला थेट मोबदला जाहीर केला. नुसते रंगतदार वर्णन केले तर एक जादा फासा, परिसरातील वस्तूंचा उपयोग केला तर दोन, आणि सगळे मेज थक्क झाले तर तीन. शिवाय खर्ची पडलेले अलौकिक सामर्थ्यही त्यातून परत मिळे. नवा डाव येथे प्रथमच अधिक यशस्वी होण्याचा मार्ग बनला. पण ज्याला मोबदला मिळतो त्याचे उत्पादन वाढते. प्रत्येक खेळाडू प्रत्येक पाळीला वर्णन करू लागला की चमत्कार हा रिवाज होतो, आणि वाक्य डाव साधण्यासाठी बोलले जात आहे की फासा मिळविण्यासाठी, हे सांगता येईनासे होते. रीतिकाव्याच्या वाचकाला ही अवस्था अपरिचित नाही. अलंकार मोजले जाऊ लागले की ते वाढतात, आणि वाढले की त्यांच्याखालचा अर्थ पातळ होतो.

याच संदर्भात 'नवेपणा' म्हणजे काय हेही तपासले पाहिजे. झुंबराला लोंबकळणे हा या मेजांवरचा सर्वात आवडता 'नवा' डाव, आणि तो मुळीच नवा नाही. तलवारबाजीच्या हॉलिवुडी चित्रपटांनी तो घराघरांत पोहोचविला होता. खेळाडू डाव शोधतो तेव्हा बहुधा तो कोठेतरी पाहिलेला, वाचलेला डाव या खोलीत, या शत्रूसमोर बसवीत असतो. आंतरसंहितात्मकतेची चर्चा करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु त्यामुळे सर्जनाचे मोल कमी होत नाही, त्याचे स्थान बदलते. ते कृतीत नसून योजनेत असते : कोणत्या परंपरेतील कोणती गोष्ट कोणत्या क्षणी आणली, यात असते.

७

२००८ साली या वादाची दोन टोके एकाच वर्षात समोर आली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या चौथ्या आवृत्तीने लढाईतील डाव ही नावे असलेली, मोजून वापरायची शक्ती बनविली. काही डाव केव्हाही, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. यादीचा उपाय येथे परमावधीला पोहोचला. पण याच आवृत्तीच्या पंचासाठीच्या ग्रंथात बेचाळिसाव्या पानावर नियमांत न बसणाऱ्या कृतींसाठी एक छोटे कोष्टक दिलेले आहे, आणि त्याचे उदाहरण झुंबराचेच आहे. झोका घेणारी चोर स्त्री एका राक्षसाला लाथेने निखाऱ्यांच्या शेगडीत ढकलू पाहते. तिची पातळी पाहून आकडा आणि इजा कशी ठरवावी हे तेथे सांगितले आहे. शेकडो पानांच्या यादीला आपल्या अपूर्णतेची कबुली एका पानात द्यावी लागली. आणि त्या आवृत्तीच्या चर्चेत तेच पान आपल्या क्रमांकाने ओळखले जाऊ लागले.

त्याच वर्षी मॅट फिंच यांनी जुन्या शैलीच्या खेळाचा परिचय करून देणारी एक लहान पुस्तिका लिहिली. लिखित नियमाऐवजी पंचाचा प्रासंगिक निर्णय हे तिचे मुख्य सूत्र. व्हेर्दीचीच बाजू सव्वाशेहून अधिक वर्षांनी मित्रमंडळींच्या मेजावर परत आली, मात्र हुद्द्याविना. येथील पंचाला अधिकार खेळाडूंच्या संमतीतून मिळवावा लागतो.

यानंतरचा चौथा उपाय मला सर्वात विचारार्ह वाटतो. तो म्हणजे आकृतिबंधाचा. 'डंजन क्रॉल क्लासिक्स' या २०१२ च्या खेळात योद्धा प्रत्येक वाराबरोबर एक जादा फासा टाकतो आणि त्याआधी आपल्याला कोणता पराक्रम साधायचा आहे ते सांगतो. डोळ्यांत वाळू, गुडघ्यावर वार, ढकलून दरीत, काहीही. वार लागला आणि जादा फाशावर तीन किंवा अधिक पडले तर पराक्रमही साधतो. न पडल्यास वार वारच राहतो, त्याची इजा होतेच. मागे पाहिलेल्या गणिताशी ताडून पाहता या रचनेचे शहाणपण कळते. कल्पक वाक्य बोलल्याबद्दल साधे यश हिरावले जात नाही. यादी नाही, शिक्षा नाही, आणि मोबदला वर्णनाच्या लांबीला नसून साधलेल्या परिणामाला आहे. संहितेने जागा आखून दिली आहे, ती भरली मात्र नाही. वृत्त कवीला मात्रा देते, शब्द देत नाही, तसा हा प्रकार आहे.

शब्द आणि फासा यांचा क्रमही या टप्प्यावर प्रयोगाचा विषय झाला. व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड' (२०१०) मध्ये खेळाडूने आधी कथेत कृती करावयाची. ती विशिष्ट प्रकारची असेल तरच नियम जागा होतो. उलट 'रुनक्वेस्ट'च्या वंशातील 'मिथ्रास' (२०१६) मध्ये आधी फासे पडतात. एकाने दुसऱ्यावर मात केल्याचे दिसले की मग त्याने शस्त्र हिसकावले, पाडले की आंधळे केले, हे निवडायचे. पहिल्या रचनेत डाव हा संकल्प आहे, दुसरीत तो घडून गेलेल्याचे अर्थनिर्णयन. दोन्हींत खेळाडू बोलतो, पण एकात तो पात्राच्या तोंडून, तर दुसरीत निवेदकाच्या जागेवरून. निवेदनमीमांसेच्या दृष्टीने हा भेद मूलगामी आहे, आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

८

या इतिहासावरून नियम हे सर्जनाचे शत्रू आहेत असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. साध्या वाराचा नियम नसता तर वाळू फेकण्याला अर्थच राहिला नसता. कुंतकाने ज्याला वक्रता म्हटले ती प्रसिद्ध मार्गाच्या पार्श्वभूमीवरच उठून दिसते. ब्राउनस्टाइनमधील द्वंद्वयुद्ध शक्य झाले ते सैन्याचे, गावाचे, भूमिकांचे नियम आधी मांडलेले होते म्हणून. नियमांचा संपूर्ण अभाव आणि नियमांचे मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मौन बोलणाऱ्याचेच असते.

तेव्हा प्रश्न उरतो तो निवाड्याचा. वाळू फेकणारे वाक्य मेजावर आले की पंच कशाच्या आधारे 'होय' म्हणतो? संभाव्यतेच्या आधारे म्हणावे तर ड्रॅगनशी लढणाऱ्या पात्राच्या संभाव्यतेचे माप कोणते? मला वाटते, तो नकळत औचित्याच्या आधारे निर्णय देतो. क्षेमेंद्राने औचित्याचा विचार पद, वाक्य, अलंकार, देश, काल अशा अनेक स्थानांच्या संदर्भात केला, आणि कोणत्याही एका लक्षणात ते कोंबले नाही. पंचही हेच पाहतो : हे पात्र हे करील का, या खोलीत हे शक्य आहे का, या क्षणी हे शोभते का, आणि आतापर्यंतच्या कथेशी हे जुळते का. हे निकष कोष्टकात बसत नाहीत, पण ते लहरीही नाहीत. त्यांवर वाद घालता येतो, दाखले देता येतात, मागच्या निर्णयाची आठवण करून देता येते. समीक्षेचा व्यवहार याहून फारसा वेगळा नसतो.

म्हणून नव्या डावाचे रक्षण करावयाचे तर डावांची यादी जपून भागणार नाही, आणि पंचाला निरंकुश अधिकार देऊनही भागणार नाही. जपावी लागते ती निर्णयाची कारणे सांगण्याची आणि मागण्याची रीत. यादीने ती अनावश्यक केली, किंमतीने ती गणितामागे लपविली, बक्षिसाने तिचे मापन केले. आकृतिबंधाने तिला थोडी जागा मोकळी करून दिली, एवढेच. ती जागा भरण्याचे काम प्रत्येक मेजावर, प्रत्येक वाक्यागणिक नव्याने करावे लागते. साहित्यसमीक्षेला या खेळात रस असण्याचे कारणही हेच आहे. सर्वांसमक्ष, कारणे देऊन, तत्काळ आणि परिणामांची जबाबदारी घेऊन एखाद्या वाक्याचा अर्थ ठरविणे ही गोष्ट आपल्या वाचनव्यवहारात दुर्मीळ होत चालली आहे. या मेजांवर ती गेली पन्नास वर्षे, फाशांच्या खडखडाटात का होईना, चालू राहिली आहे.